दुर्बीण आणि वाळू : कॅटलान नौकानामांच्या इंग्रजी भाषांतराचा प्रश्न

१

नौकांची नावे ही किनारी भाषांतील सर्वाधिक प्रवास केलेली शब्दसंपत्ती होय. वस्तू बंदरात येते तेव्हा तिचे नावही तिच्याबरोबर उतरते. आणि पुष्कळदा वस्तू परत निघून जाते, नाव मात्र मागे राहते व दुसऱ्याच एखाद्या वस्तूला चिकटते. त्यामुळे एका भाषेतील नौकानाम दुसऱ्या भाषेत नेताना भाषांतरकारास एक विचित्र अनुभव येतो. शब्द ओळखीचा वाटतो, कोशात त्याचा जुळा सापडतो, आणि तरीही तो जुळा लिहिला की चित्र चुकते. हा अनुभव कॅटलान व इंग्रजी या दोन भाषांच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे तपासता येतो.

कॅटलोनिया, व्हॅलेन्सिया, बालेआरिक बेटे, फ्रान्समधील रूसियों आणि सार्डिनियातील आल्गेरो एवढ्या पट्ट्यात कॅटलान भाषा बोलली जाते. तेराव्या शतकापासून पश्चिम भूमध्य समुद्रातील व्यापाराची, आरमाराची आणि सागरी कायद्याची ती एक प्रमुख भाषा होती. अशा भाषेतील नौकानामांना इंग्रजीत पर्याय शोधणे हे वरवर पाहता पारिभाषिक कोशाचे काम वाटते. प्रस्तुत निबंधात असे दाखवावयाचे आहे की, हे काम पारिभाषिक असण्याआधी ऐतिहासिक आहे. दोन्ही भाषांनी नौकांचे वर्गीकरण दोन वेगळ्या जागी उभे राहून केले. इंग्रजीने भूमध्य समुद्रातील नौका मुख्यतः दुरून, दुर्बिणीतून पाहिली. कॅटलानने ती किनाऱ्यावर, वाळूत ओढून ठेवलेली असताना पाहिली. भाषांतर करावयाचे असते ते या दोन दृष्टिस्थानांच्या मधले अंतर ओलांडून.

२

आरंभ मध्ययुगापासून करणे सोयीचे ठरेल. १२२९ च्या सप्टेंबर महिन्यात आरागॉनचा राजा जाउमे पहिला याने मायोर्का बेटाच्या स्वारीसाठी सालोउ व आसपासच्या बंदरांतून आपले आरमार हाकारले. 'ल्यिब्रे देल्स फेत्स' या त्याच्या आत्मवृत्तात आरमाराची गणना दिली आहे : २५ पूर्ण आकाराच्या 'नाउ', १८ 'तारिदा', १२ गॅली आणि 'बुसा' व 'गालिओता' मिळून १००. या सर्वांची बेरीज १५५ होते, आणि बेरीज सांगताना ग्रंथ 'ल्येन्य' हा शब्द वापरतो : लहानसहान होड्या वगळून १५५ प्रमुख 'ल्येन्य'. येथे 'ल्येन्य' हा जातिवाचक शब्द आहे. नाउ असो की गॅली, सर्व त्यात मावतात.

आता 'कोन्सोलात दे मार' या नावाने प्रसिद्ध असलेला सागरी कायद्याचा संग्रह पाहावा. भूमध्य समुद्रावरील व्यापारी व्यवहाराचे नियम सांगणारा हा ग्रंथ पंधराव्या शतकाच्या अखेरीस बार्सिलोनात छापला गेला आणि पुढे अनेक युरोपीय भाषांत गेला. त्यात 'नाउ किंवा ल्येन्य' अशी जोडी वारंवार येते. येथे मात्र 'ल्येन्य' हा सर्वसमावेशक शब्द नाही. नाउपेक्षा लहान जलयानांचा तो वर्ग आहे. कायदा दोन वर्गांना उद्देशून बोलतो आणि आपली कक्षा दोघांवर पसरवतो.

ही जोडी इंग्रजीत कशी न्यावी? 'शिप' आणि 'व्हेसल' हे दोन शब्द सर्वप्रथम हाताशी येतात. परंतु इंग्रजीत प्रत्येक 'शिप' ही 'व्हेसल' असतेच. त्यामुळे 'शिप किंवा व्हेसल' असे लिहिताच जोडीतील भेद नाहीसा होतो. शिवाय इंग्रजी कायद्याच्या भाषेत समानार्थी शब्दांच्या जोड्या लावण्याची जुनी रीत असल्याने वाचकास ही जोडीही त्याच रीतीची, केवळ वजनासाठी वापरलेली वाटते. मूळ संहितेत जी कायद्याची व्याप्ती होती ती भाषांतरात शैलीची सवय होऊन बसते. ट्रॅव्हर्स ट्विस यांनी १८७१ ते १८७६ या काळात संपादिलेल्या 'ब्लॅक बुक ऑफ द ॲडमिरल्टी'च्या तिसऱ्या खंडात कॅटलान संहिता इंग्रजी भाषांतरासह छापली गेली, आणि १९७५ मध्ये स्टॅन्ली जेडॉस यांचे स्वतंत्र इंग्रजी भाषांतर निघाले. संहिता समोर ठेवून वाचणाऱ्यास हा भेद तपासून पाहता येतो; केवळ भाषांतर वाचणाऱ्यास एखादा नियम कोणत्या जलयानांना लागू होता हे शब्दांवरून ठरवावे लागते, आणि तेथेच या निवडीचे मोल कळते.

'नाउ' या शब्दाबद्दल भारतीय वाचकाने क्षणभर थांबावयास हरकत नाही. लॅटिन 'नाविस'पासून आलेला हा शब्द संस्कृत 'नौ' या शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे, आणि दोन हजार वर्षांच्या ध्वनिपरिवर्तनानंतर उच्चारातही तो आपल्या 'नौ'च्या जवळ येऊन पोहोचला आहे. मराठीत 'नौका', 'नौदल', 'नाविक' हे शब्द वापरणाऱ्यास तो परका वाटणार नाही. इंग्रजीत मात्र या कुळातील शब्द 'नेव्ही'सारख्या सामूहिक अर्थापुरते उरले, एका जहाजाचे नाव म्हणून नाहीत. 'शिप' हे जर्मानिक कुळातले निराळे नाव आहे, आणि शिडांच्या युगात त्यालाही एक काटेकोर अर्थ होता : तिन्ही डोलकाठ्यांवर चौकोनी शिडे असलेले मोठे जहाज. म्हणजे जो शब्द आपण सर्वांत तटस्थ समजतो तोच एका विशिष्ट काळाचा शिक्का घेऊन येतो. तेराव्या शतकातील नाउला 'शिप' म्हणताना हा शिक्का पुसला गेला आहे की नाही, हे वाचकाच्या पूर्वज्ञानावर अवलंबून राहते.

३

इंग्रजी भाषेत भूमध्य समुद्रातील नौकांची नावे नाहीत असे मात्र नाही. विल्यम फाल्कनर यांचा सागरी कोश १७६९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात 'झीबेक', 'पोलॅकर', 'सेटी', 'टार्टन' यांना स्वतंत्र नोंदी आहेत. या नोंदींची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. डोलकाठ्या किती, शिडे त्रिकोणी की चौकोनी आणि नौका कोणत्या समुद्रात आढळते, यांवर त्यांचा भर असतो. हे वर्गीकरण शीडरचनेचे आहे, आणि शीडरचना ही नौकेची सर्वांत दुरून दिसणारी खूण होय. क्षितिजावर उमटलेली आकृती मित्राची की शत्रूची, व्यापारी की लढाऊ, पाठलाग करण्याजोगी की टाळण्याजोगी, हे ठरविण्यासाठी ही विद्या आवश्यक होती.

या विद्येस ऐतिहासिक कारण आहे. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमार या पाण्यात केवळ येत-जात नव्हते, तेथे राहत होते. मेनोर्का हे कॅटलानभाषी बेट १७०८ ते १७५६, १७६३ ते १७८२ आणि १७९८ ते १८०२ असे तीन वेळा ब्रिटिशांच्या ताब्यात होते, आणि तेथील माओ हे बंदर त्यांचे नाविक ठाणे होते. ६ मे १८०१ रोजी बार्सिलोनाजवळच्या समुद्रात टॉमस कॉक्रन यांच्या 'स्पीडी' या छोट्या ब्रिगने 'एल गामो' हे स्पॅनिश जहाज पकडले. इंग्रजी नाविक इतिहासात त्या जहाजाचे वर्णन 'झीबेक-फ्रिगेट' असे होते. या शब्दाचा उगम अशा चकमकींच्या जगात आहे.

'झीबेक'चा प्रवासही बोधप्रद आहे. अरबी 'शब्बाक' या शब्दापासून कॅटलान 'शाबेक', जुना स्पॅनिश 'शाबेके', इटालियन 'शाबेक्को' आणि फ्रेंच 'शेबेक' अशी रूपे दिसतात. कॅटलानमध्ये आणि जुन्या स्पॅनिश लेखनात या शब्दाच्या आरंभी रोमन 'एक्स' हे अक्षर येते व त्याचा उच्चार 'श' होतो. इंग्रजीने फ्रेंच रूप घेतले, पण त्याच्या आरंभी हे इबेरियन अक्षर बसविले, आणि मग त्या अक्षराचा उच्चार स्वतःच्या रीतीने 'झ' असा केला. अक्षर पोहोचले, ध्वनी वाटेत राहिला. कॅटलान 'शाबेक'साठी इंग्रजीत 'झीबेक' लिहिणे हे योग्यच भाषांतर आहे. तथापि ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सरळ गेलेले नाव नसून चार भाषांच्या हातांतून गेलेले नाव आहे.

'साजेतिया' या नावाची गत याहून वाईट झाली. 'साजेता' म्हणजे बाण. बाणासारखी वेगवान म्हणून साजेतिया. इटालियनमधील त्याच अर्थाच्या शब्दातून इंग्रजीत 'सेटी' हे रूप रुजले. आजचा इंग्रजी वाचक 'सेटी' म्हटल्यावर दिवाणखान्यातील कोच समजतो. 'तार्ताना'चे इंग्रजी रूप 'टार्टन' स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाशी जाऊन मिळते. 'फालुच'ला 'फेलुका' म्हणावे तर वाचकाच्या डोळ्यांसमोर नाईल नदीवरील पर्यटकांची होडी येते. हे तिन्ही पर्याय कोशाच्या दृष्टीने अचूक आहेत. ज्या नाविक वाचकवर्गासाठी ते घडले तो वर्ग संपला, एवढाच त्यांचा दोष.

४

कॅटलान नावांकडे किनाऱ्यावरून पाहिले तर वेगळीच तत्त्वे दिसतात. 'ल्येन्य' हा लॅटिन 'लिग्नुम'पासून आला; अर्थ, लाकूड. 'ल्याउत' या लहान शिडाच्या होडीचे नाव सामान्यतः अरबी 'अल्-ऊद' या शब्दाशी जोडले जाते. ऊद म्हणजे प्रथमतः लाकूड आणि मग लाकडी तंतुवाद्य. कॅटलानमध्ये आजही वाद्य आणि होडी यांना हेच एक नाव आहे, कारण होडीचा फुगीर सांगाडा पालथ्या वाद्यासारखा दिसतो. एक नाव लॅटिनकडून, दुसरे अरबीकडून; दोन्हींच्या तळाशी लाकूडच. घडविणाऱ्याच्या हाताला जे प्रथम लागते त्याचे हे नामकरण आहे. संदर्भ सुटला तर भाषांतरात या होडीचे 'लूट' हे वाद्य होते, आणि इंग्रजीत त्या शब्दाला होडीचा अर्थ नसल्याने वाक्य हास्यास्पद बनते.

'उइशेर' हे मध्ययुगीन नाव दाराचे आहे. लॅटिन 'ओस्तिउम' म्हणजे दार. लष्करी घोडे आत नेण्यासाठी ज्या जहाजाला दार असे, ते उइशेर. दाराशी उभ्या राहणाऱ्या सेवकाचा वाचक असलेला इंग्रजी 'अशर' हा याच कुळातला शब्द. भाषांतरकार सहसा 'घोडे वाहणारे जहाज' असे स्पष्टीकरणात्मक नाव योजतो. त्यात उपयोग राहतो, रचना जाते. घोडा दिसतो, दार दिसत नाही.

'बार्का दे बोउ' हे नाव तर सापळाच आहे. 'बोउ' म्हणजे कॅटलानमध्ये बैल. परंतु मासेमारीतील 'बोउ' हा वेगळा शब्द असून तो ग्रीक-लॅटिन 'बोलुस', म्हणजे जाळे टाकण्याची क्रिया, यापासून आल्याचे मानले जाते. दोन नौकांनी जोडीने एक जाळे ओढत नेण्याची ही पद्धत. जोडीने ओढणे म्हटल्यावर लोकमानसात बैलजोडी आली नाही तरच नवल. त्यातच व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर या नौका खरोखरच बैल लावून वाळूवर ओढीत असत. व्हॅलेन्सियाचे चित्रकार होआकिन सोरोया यांचे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असलेले, मासेमारीहून परतीचे १८९४ चे चित्र पाहिलेल्या भाषांतरकारास 'बैलांची होडी' हा अर्थ सिद्धच झाल्यासारखा वाटेल. चित्र खरे आहे, व्युत्पत्ती खोटी आहे. इंग्रजीत येथे जाळ्याच्या पद्धतीवरून नाव द्यावे लागते, आणि ते देताना बैलांची सावली सोडून द्यावी लागते.

लाकूड, दार, जाळे, वाद्याचा आकार : ही सर्व नामकरणे जवळून झालेली आहेत. जोआन आमादेस आणि एमिली रोइग यांनी १९२४ मध्ये नौकानयन व मासेमारी यांच्या कलेचा जो कॅटलान शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, आणि आल्कोवेर व मोल यांच्या १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या दहा खंडी कोशात जी सागरी शब्दसंपत्ती नोंदली गेली, ती या वाळूवरील दृष्टीची साक्ष आहे. कोणत्या गावी कोणते रूप चालते, हे आल्कोवेर-मोल कोश काळजीपूर्वक सांगतो. 'ल्याउत' आणि 'ल्यागुत' ही एकाच शब्दाची दोन प्रादेशिक रूपे तेथे भेटतात.

५

एकोणिसाव्या शतकातील महासागरी व्यापाराची नावे या दोन टोकांच्या मधली आहेत. १७७८ च्या व्यापारी नियमावलीनंतर कॅटलान बंदरांना अमेरिकेचा व्यापार अधिक मोकळा झाला, आणि कॅटलान गोद्यांतून निघालेली जहाजे क्यूबापर्यंत जाऊ लागली. अशा जहाजांची वर्गवारी सर्वत्र शीडरचनेवरूनच होई. येथे कॅटलान व इंग्रजी यांची तत्त्वे जुळतात. म्हणून हा भाग सोपा असावा अशी अपेक्षा होते. प्रत्यक्षात फसवे जुळे याच भागात सर्वाधिक आहेत.

'बेर्गान्ती' आणि इंग्रजी 'ब्रिगॅंटिन' हे एकाच मुळाचे शब्द. तथापि एकोणिसाव्या शतकातील बेर्गान्ती म्हणजे दोन्ही डोलकाठ्यांवर चौकोनी शिडे असलेले जहाज. त्याला इंग्रजीत 'ब्रिग' म्हणतात. इंग्रजी 'ब्रिगॅंटिन'ला कॅटलान प्रतिशब्द 'बेर्गान्ती-गोलेता' हा आहे. 'ब्रिग' हा शब्द 'ब्रिगॅंटिन'चेच आखूड रूप असून दोघांचे अर्थ इंग्रजीत पुढे वेगळे झाले, हे या गोंधळाचे मूळ. याच्याही मागे मध्ययुगीन बेर्गान्ती आहे, आणि ती तर वल्ह्यांनी चालणारी, गॅलीच्या जातीची छोटी नौका होती. पंधराव्या शतकातील संहितेत 'ब्रिगॅंटिन' लिहिणारा भाषांतरकार वल्ही मारणारी माणसे पुसून तेथे चौकोनी शिडे उभारतो.

'कोर्बेता'चेही असेच. इंग्रजी 'कॉर्व्हेट' ही युद्धनौका. कॅटलान व्यापारी कोर्बेता मात्र तीन डोलकाठ्यांची, शेवटच्या काठीवर चौकोनी शिडे नसलेली मालवाहू नौका. इंग्रजीत ती 'बार्क' होते. आणि 'बार्क' हा शब्द दिसताच त्याचा जुळा म्हणून 'बार्का' पुढे येतो, जो कॅटलानमध्ये साध्या होडीपासून किनारी व्यापाराच्या 'बार्का दे मित्जाना'पर्यंत कशालाही लागू शकतो. 'बालांद्रा' ही एका डोलकाठीची, इंग्रजी 'स्लूप'च्या जवळची. तिच्याच कुळातील इंग्रजी 'बिलँडर' दोन डोलकाठ्यांची. सारांश, ज्या क्षेत्रात वर्गीकरणाची तत्त्वे समान आहेत त्या क्षेत्रात नावांचे साम्य हेच सर्वांत मोठे संकट ठरते.

परत आलेल्या शब्दांचे उदाहरण येथेच द्यावयास हवे. बार्सिलोनाच्या सागरी संग्रहालयाकडे 'सांता एउलालिया' हे तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे. ते १९१८ मध्ये तोरेव्हिएहा येथे बांधले गेले आणि १९९७ मध्ये संग्रहालयाने ते घेतले. कॅटलानमध्ये त्याचा उल्लेख 'पाय्लेबोत' असा होतो. हा शब्द इंग्रजी 'पायलट्स बोट'चेच कॅटलान रूप आहे. जहाजांना बंदराची वाट दाखविणाऱ्या वाटाड्यांच्या चपळ नौकांचे नाव कॅटलान व स्पॅनिश नाविकांनी घेतले आणि चौकोनी शिडे नसलेल्या, सडपातळ मालवाहू गोलेतास दिले. आता तोच शब्द इंग्रजीत परत नेताना 'पायलट बोट' लिहिता येत नाही; संग्रहालय इंग्रजीत 'स्कूनर' म्हणते, आणि ते योग्यच आहे. परंतु 'गोलेता'चाही इंग्रजी प्रतिशब्द 'स्कूनर' हाच. कॅटलान नाविकास जो फरक महत्त्वाचा वाटला तो इंग्रजीत एकाच शब्दाखाली झाकला जातो. शब्द आपल्या जन्मगावी परतला, पण गावाने त्याला ओळखले नाही.

६

आतापर्यंत आपण दोनच भाषांचा विचार केला. वस्तुतः या व्यवहारात तिसरी भाषा सतत उपस्थित आहे. १७१६ च्या राजाज्ञेनंतर कॅटलोनियात न्यायदानाची व वरिष्ठ प्रशासनाची भाषा कॅस्टिलियन स्पॅनिश झाली; १९३९ नंतरच्या फ्रँको राजवटीत कॅटलान भाषा शासन व शिक्षण यांतून हद्दपार झाली. परिणामी एकच नौका वाळूवर 'ल्याउत' आणि कागदावर 'लाउद' असे. इंग्रजी अभ्यासक दप्तरांतून नाव उचलतो तेव्हा तो बहुधा कॅस्टिलियन नाव उचलतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे माताराे गावाजवळच्या सांत सिमो या छोट्या देवस्थानात नवसाची म्हणून टांगलेली पंधराव्या शतकातील जहाजाची लाकडी प्रतिकृती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती नेदरलँड्समध्ये गेली आणि आज रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. मध्ययुगीन जहाजबांधणीच्या अभ्यासात या प्रतिकृतीचे स्थान असाधारण आहे, कारण त्या काळचे असे त्रिमित साधन जवळजवळ नाहीच. हाइनरिख विंटर यांनी १९५६ मध्ये तिच्यावर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकात तिला 'कॅटलान नाओ' म्हटले आहे. 'नाओ' हे कॅस्टिलियन रूप. कॅटलान रूप 'नाउ'. म्हणजे विशेषण कॅटलान आणि नाम कॅस्टिलियन. कॅटलानमध्ये मात्र ती 'कोका दे माताराे' म्हणून प्रसिद्ध आहे.

'कोका' म्हणावे तर इंग्रजीत 'कॉग' हा जुळा तयार असतो. उत्तर युरोपातील कॉग जहाजे चौदाव्या शतकाच्या आरंभी भूमध्य समुद्रात आली. १३०४ च्या सुमारास बायोनच्या नाविकांमुळे जेनोआ, व्हेनिस व कॅटलोनिया येथील लोकांनी ती स्वीकारल्याचे फ्लॉरेन्सचा बखरकार जोव्हान्नी व्हिल्लानी सांगतो. नाव उत्तरेचे होते, पण दक्षिणेत आल्यावर जहाजाची बांधणी पालटली. फळ्या एकमेकींवर चढवून केलेली उत्तरेकडील बांधणी, जी १९६२ मध्ये ब्रेमेन येथे सापडलेल्या कॉगच्या बाजूंना दिसते, ती या प्रतिकृतीत नाही; तिच्या फळ्या कडेला कडा भिडवून बसविल्या आहेत. 'कॉग' लिहिले की वाचक उत्तर समुद्रात जातो. 'नाओ' लिहिले की कॅस्टिलियन दरबारात आणि कोलंबसाच्या काळात जातो. 'कॅरॅक' लिहिले की पुढच्या पिढीतील मोठ्या जहाजांकडे जातो. आणि मूळ नाव तसेच ठेवावे तर आजच्या कॅटलान घरात 'कोका' म्हणजे सणासुदीला भाजली जाणारी चपटी रोटी हेही विसरता येत नाही. एका प्रतिकृतीच्या चार नावांत चार निरनिराळे इतिहास आहेत. कोणता पत्करायचा, हा निर्णय जहाजबांधणीच्या पुराव्यावर घ्यावा लागतो; भाषिक साम्य तेथे साक्षीदार होऊ शकत नाही.

७

ललित साहित्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे नाव हे वस्तूचे वर्गीकरण नसून माणसांच्या जगाचा भाग असते. जेसुस मोंकादा (१९४१-२००५) यांची 'कामी दे सिर्गा' ही कादंबरी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. एब्रो, सेग्रे व सिंका या नद्यांच्या संगमावरील मेकिनेन्सा हे लेखकाचे गाव. तेथील खाणींतील कोळसा 'ल्यागुत' या नौकांतून एब्रोवरून खाली जाई आणि प्रवाहाविरुद्ध परतताना माणसे किंवा खेचरे काठावरून दोराने त्या ओढीत. एब्रोवर धरणे झाली, नदीवरील वाहतूक संपली, आणि जुने गाव रिकामे करून पाडले गेले. कादंबरी या नाशाच्या काठावरून मागे पाहते.

जुडिथ विलिस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 'द टोपाथ' या नावाने १९९४ मध्ये आले. शीर्षकापुरताच विचार केला तरी भाषांतराचा पेच दिसतो. 'सिर्गा' म्हणजे ओढण्याचा दोर. 'कामी दे सिर्गा' म्हणजे त्या दोराची वाट. इंग्रजी 'टोपाथ' हा अचूक आणि प्रचलित प्रतिशब्द आहे, याहून चांगला सुचविणे अवघड. पण तो शब्द इंग्लंडमधील कालव्यांचे संथ पाणी आणि त्यांच्या काठची पायवाट सोबत घेऊन येतो. कॅटलान शीर्षकात दोर स्वतंत्र शब्द म्हणून उभा आहे, खांद्यावर त्याचा ताण जाणवतो. इंग्रजीत तो वाटेच्या पोटात विरून जातो.

'ल्यागुत'चा पेच असाच. समुद्रावरचा ल्याउत आणि नदीवरचा ल्यागुत यांचे नाव एक, कामे वेगळी. इंग्रजी 'बार्ज' हा शब्द काम सांगतो, पण शीड व डोलकाठी लपवतो; 'बोट' काहीच चुकीचे सांगत नाही आणि काहीच सांगतही नाही; मूळ शब्द तसाच ठेवला तर पहिल्या काही पानांत वाचक अडखळतो, परंतु कादंबरी संपेपर्यंत तो शब्द शिकलेला असतो. ज्या गावाची घरे पाडली गेली, ज्या नदीची वाहतूक थांबली, तेथे नौकेचे नाव ही उरलेल्या मोजक्या वस्तूंपैकी एक आहे. अशा संहितेत मूळ नाव राखण्याच्या बाजूचे कारण सौंदर्यशास्त्रीय नाही, ते स्मृतीचे आहे.

८

या विवेचनातून भाषांतरकारासाठी एक क्रम हाती लागतो. प्रथम संहितेचा काळ ठरवावा, कारण 'बेर्गान्ती'सारखा शब्द शतकागणिक जहाज बदलतो. दुसरे, संहिता नौकेबद्दल कोणता प्रश्न विचारीत आहे ते पाहावे. कायद्याच्या ग्रंथात प्रश्न वर्गाचा असतो. तेथे 'नाउ' आणि 'ल्येन्य' यांतील भेद कोणत्याही किमतीवर राखला पाहिजे, मग त्यासाठी 'मोठे जहाज वा लहान' असे रूक्ष शब्द वापरावे लागले तरी चालतील. एकोणिसाव्या शतकातील व्यापारी दप्तरात प्रश्न शीडरचनेचा असतो. तेथे इंग्रजीतील नेमके तांत्रिक नाव द्यावे आणि जुळ्या शब्दांपासून सावध राहावे. कादंबरीत प्रश्न माणसांचा असतो. तेथे नाव राखून संदर्भाने त्याचा अर्थ उलगडू द्यावा. तिसरे, नाव राखावयाचे तर ते कॅटलान रूपात राखावे; सवयीने कॅस्टिलियन रूप लिहिणे म्हणजे एका भाषेचा माल दुसऱ्या भाषेच्या शिक्क्याने पाठविणे होय.

भारतीय तौलनिक अभ्यासकास हा प्रश्न दूरचा नाही. ज्या अठराव्या शतकात इंग्रजी कोशांत 'झीबेक' आणि 'सेटी' नोंदले गेले, त्याच शतकात कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराशी गाठ पडलेल्या इंग्रजांनी मराठी 'गुराब'चे 'ग्रॅब' आणि 'गलबत'चे 'गॅलिव्हॅट' केले. येथेही दृष्टी दुर्बिणीचीच होती. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉबसन-जॉबसन' कोशात 'गॅलिव्हॅट'चा संबंध पोर्तुगीज 'गालेओता'शी जोडला आहे. तो मान्य केला तर मराठी 'गलबत' आणि जाउमे राजाच्या आरमारातील 'गालिओता' हे दूरचे नातलग ठरतात. अर्थाचा प्रवासही मनोरंजक आहे. आंग्र्यांच्या आरमारात गलबत ही गुराबेहून लहान, वल्ह्यांनीही चालणारी नौका होती. आज मराठीत कोणत्याही शिडाच्या जहाजाला आपण गलबत म्हणतो. 'ल्येन्य'प्रमाणे एकच शब्द वर्गाचेही नाव होतो आणि वर्गातल्या एका सभासदाचेही.

म्हणूनच कॅटलान साहित्य इंग्रजीच्या मध्यस्थीने मराठीत आणताना इंग्रजी शब्दावर थांबून चालणार नाही. इंग्रजीत 'बोट' झालेल्या ल्यागुताची मराठीत 'होडी' झाली, तर दोन पायऱ्यांत कोळसा, दोर, शीड आणि गाव एवढे सारे गळून पडते. मचवा, पडाव, शिबाड, फत्तेमारी ही नावे ज्या भाषेत अजून वाचता येतात तिला दुसऱ्या किनाऱ्यावरचे एक नाव सामावून घेणे जड जाऊ नये. कॅटलान शब्द देवनागरीत लिहून, एकदा समजावून सांगून, पुढे तो वापरीत राहणे ही पद्धत मराठीस नवी नाही. बंदरात आलेल्या नौकांची नावे आपल्या भाषेने आजवर याच रीतीने घेतली आहेत.